कोण किती सरकलं?

गेल्या दिवाळीत पहाटेच्या एका मैफलीला गेलो होतो. तिशीच्या आतली गायिका, मागे गिटार, कीबोर्ड आणि ड्रम्स, डाव्या हाताला तबला. उजाडायच्या आत तिने ललत या पहाटेच्या रागातली मध्यलयीची बंदिश धरली. गळा तयारीचा होता, दोन मध्यमांवरून ती अगदी सहज खाली गंधारावर येत होती. चार आवर्तनं झाली, ड्रम्स सुरू झाले, गिटारवाल्याने षड्जावरचा कॉर्ड छेडला आणि मैदानातली अर्धी गर्दी टाळ्यांनी ठेका धरू लागली. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी वाद जुंपला. एक ज्येष्ठ गृहस्थ तावातावाने म्हणत होते, "ललताची ही विटंबना ऐकायला पहाटे चारला उठलो का मी?" त्यांच्यासमोरचा तरुण म्हणाला, "काका, हेच धरून बसलात म्हणून आमच्या वयाची मुलं मैफलीला येत नाहीत. संगीताला सीमा नसतात." मग शुद्धता, परंपरा, काळाची गरज, पाश्चात्त्यांचं अनुकरण, कूपमंडूक वृत्ती असे ठरलेले शब्द एकामागून एक येत राहिले. वीस मिनिटांत एकानेही पंचमाचं नाव काढलं नाही.

ते काढायला हवं होतं. ललतात पंचम, म्हणजे प, वर्ज्य आहे, तो लावायचाच नसतो. म्हणून या रागासाठी तानपुराही पंचमाऐवजी मध्यमात लावतात. आणि गिटारवर षड्जाचा साधा कॉर्ड म्हणजे सा, ग, प हे तीन स्वर एकदम. रागाने जो स्वर उंबऱ्याबाहेर ठेवला, तो गिटारवाला प्रत्येक समेला हाताला धरून आत आणत होता. काकांना जे खुपत होतं त्याचं नेमकं कारण हे होतं, पण ते विटंबनेच्या भाषेत बोलले. तरुणाला तर कारणच ऐकायचं नव्हतं.

माझं म्हणणं असं की मिश्रण करावं की करू नये, हा वाद घालण्यात अर्थ नाही, कारण आपण रोज जे ऐकतो त्यात अमिश्र असं फार थोडं उरलं आहे. विचारायचं ते इतकंच: दोन संगीतं एकत्र आली तेव्हा कोण किती सरकलं? ज्या मिश्रणात एकच बाजू जागा करून देते, आपले स्वर दाबून घेते, आपला वेळ कापून देते, आणि दुसरी होती तिथेच पाय पसरून बसून राहते, ते मला खोटं वाटतं. त्याला टाळ्या किती पडल्या याने काही बदलत नाही. दोघांनाही आपली बैठक मोडून नवी घालावी लागली, तर मात्र त्यातून खरोखर काहीतरी निपजतं. हे सांगायला मी एका अशा गायिकेचं उदाहरण घेणार आहे, जिचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणी घेत नाही.

शीला चंद्रा. जन्म १९६५, लंडन, आईवडील दक्षिण भारतीय. शाळकरी वयात ती ब्रिटिश टीव्हीवरच्या एका मालिकेत काम करत होती. मग 'मॉन्सून' नावाच्या गटात गाऊ लागली आणि १९८२ साली त्यांचं 'एव्हर सो लोनली' हे गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. साडी नेसलेली सतरा वर्षांची मुलगी लंडनच्या टीव्हीवर पॉप गाणं म्हणते आहे, मागे सतार आहे, तबला आहे, सिंथेसायझर आहे, हे त्या देशाने तोपर्यंत पाहिलं नव्हतं. गाणं आजही गोड वाटतं. पण नीट ऐकलं की कळतं, त्यात सतार आणि तबला रंगासाठी आहेत. गाण्याचा सांगाडा पॉपचाच आहे, त्यावर भारतीय कापड चढवलं आहे. गटाचे रेकॉर्ड कंपनीशी मतभेद झाले आणि त्याच वर्षी गट मोडला.

इथपर्यंतची गोष्ट शेकडो गायकांची आहे. पुढची तिची एकटीची. यश मिळालेल्या वाटेने पुन्हा न जाता ती मागे सरली आणि १९८४पासून एकामागून एक ध्वनिमुद्रिका करत आवाजाचे प्रयोग करू लागली. 'क्वाएट' नावाच्या ध्वनिमुद्रिकेत तर तिने शब्दच सोडून दिले. मग १९९२ साली ब्रिटिश रॉक गायक पीटर गॅब्रिएलच्या रिअल वर्ल्ड या रेकॉर्ड कंपनीकडून 'वीव्हिंग माय अ‍ॅन्सेस्टर्स व्हॉइसेस' आलं. त्यात जवळजवळ फक्त तिचा आवाज आहे आणि आवाजाखाली एक अखंड धरलेला सूर. ड्रम्स नाहीत, गिटार नाही, बदलते कॉर्ड नाहीत. कोन्नक्कोलच्या, म्हणजे कर्नाटक संगीतात तोंडाने म्हणायच्या तालाच्या, बोलांवर ती जिभेची तयारी दाखवते, आणि एका रचनेत भारतीय आलापीतून सरळ एका जुन्या आयरिश लोकगीतात उतरते. सांधा कुठे आहे ते शोधावं लागतं. मला तर तिसऱ्यांदा ऐकल्यावर तो सापडला.

हे कसं साधलं? तिने हेरलं की अखंड सूर ही एकट्या भारताची मिरास नाही. स्कॉटलंड-आयर्लंडच्या बॅगपाइपमध्ये तेवढ्यासाठीच वेगळे पाइप असतात. युरोपातल्या मध्ययुगीन गायनात एक आवाज सूर धरून ठेवतो आणि दुसरा त्यावर फिरतो. कॉर्ड बदलत पुढे सरकणारं संगीत हा युरोपचा नंतरचा शोध, त्याआधी तिथेही लोक एका सुराच्या आधाराने गात होते. म्हणजे पाश्चात्त्य संगीताने आपल्याकडे येण्याआधी स्वतःच्याच घरात काही खोल्या मागे जायला हवं, आणि आपल्या बाजूने रागविस्ताराचा हट्ट थोडा सैल करायला हवा. मग दोघे जिथे पोचतात तिथे तानपुरा दोघांनाही ओळखीचा असतो. शीला चंद्राने ही जागा कानाने शोधली. पुढे १९९६च्या 'अबोनक्रोनड्रोन'मध्ये तर तिने त्या धरलेल्या सुरालाच पुढे आणलं. त्यातून आपोआप उमटणारे वरचे स्वर ऐकू यावेत, इतकीच त्या ध्वनिमुद्रिकेची मागणी आहे.

या वादात ज्याला खरोखर न्याय करायचा आहे, त्याने एक सोपी गोष्ट करून पाहावी. 'एव्हर सो लोनली'च तिने १९९२च्या ध्वनिमुद्रिकेत पुन्हा गायलं आहे, दुसऱ्या दोन रचनांना जोडून, फक्त त्या आधारसुरावर. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. चाल तीच, बाई तीच, मध्ये दहा वर्षं. पहिल्यात ताल तिला ओढत नेतो, ती प्रत्येक ओळ ठरलेल्या चौकटीत वेळेवर नेऊन ठेवते. दुसऱ्यात ओळ संपते तरी स्वर संपत नाही, तो हळूहळू विरत जातो आणि विरताना खालच्या सुराशी त्याचं नातं बदलताना ऐकू येतं. एकाकीपणाचं गाणं आहे, आणि ते खरोखर एकाकी झालं ते सतार-तबला काढून टाकल्यावर. भारतीय वाद्यं गेली आणि गाणं जास्त भारतीय झालं. शुद्धतावाल्यांनी आणि फ्यूजनवाल्यांनी दोघांनीही यावर थांबून विचार करावा.

आता विरुद्ध बाजूचं. त्यातले काही मुद्दे इतके भक्कम आहेत की 'काळाबरोबर बदला' या एका वाक्याने ते उडवून लावणं मला अप्रामाणिक वाटतं.

सगळ्यात मोठा मुद्दा कॉर्डचा, ज्याची झलक ललतात आपण पाहिली. रागात षड्ज हलत नाही. बाकीच्या प्रत्येक स्वराला अर्थ येतो तो षड्जापासूनच्या अंतरामुळे. पॉप गाण्यात खालचा कॉर्ड दर काही मात्रांनी बदलतो, आणि तो बदलला की वर धरलेल्या त्याच स्वराचं नातं बदलतं, जणू दर दोन पावलांनी घरच जागा बदलतंय. दुसरं, कीबोर्डचे स्वर समान अंतरांवर बांधलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर कीबोर्डचा गंधार ४०० सेंटवर असतो. उत्तम लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो ३८६च्या आसपास. चौदा सेंटचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. डोळे मिटून तानपुऱ्यासमोर बसलेल्या माणसाला तो दातात खडा यावा तसा लागतो. आणि १९९७ साली स्वर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर बाजारात आल्यापासून तर गळ्यातला स्वरही त्या बारा खणांत ओढून बसवता येतो. दरबारी रागाचा कोमल गंधार आंदोलित असतो, तो एका जागी उभाच राहत नाही. त्याला एका खणात बसवला की दरबारी राहिली कुठे? हे सांगणाऱ्याला कूपमंडूक म्हणणं सोपं आहे, त्याला उत्तर देणं अवघड आहे. संगीताला सीमा नसतात म्हणे. सीमा असोत-नसोत, व्याकरण असतं, आणि ते न शिकता केलेली सरमिसळ दोन्ही भाषा न येणाऱ्याने केलेल्या भाषांतरासारखी होते.

हे सगळं मान्य करूनही मी काकांच्या बाजूला जाऊन बसत नाही. ज्या परंपरेच्या नावाने ते बोलत होते, तिच्या घरात परदेशी पाहुणे किती आणि कसे येऊन राहिले, याची त्यांना आठवण राहिलेली नाही.

हार्मोनियमचंच घ्या. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट झालेलं हे वाद्य, मिशनऱ्यांबरोबर इथे आलं, कोलकात्यात त्याची हातभात्याची पेटी झाली, आणि मराठी रंगभूमीने त्याची पायपेटी कधीच आपलीशी केली. ती आली तेव्हा तिच्यावर झालेले आक्षेप आज गिटारवर घेतले जातात तेच होते: स्वर बांधलेले, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही, स्वरांमधल्या बारीक श्रुती मारल्या जातात. आक्षेप खोटे नव्हते. रवींद्रनाथ ठाकूरांना पेटी चालत नव्हती. आकाशवाणीने मार्च १९४०पासून तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी तीन दशकं टिकली. आणि तरीही आज ख्यालाच्या मैफलीत पेटी नसेल तर श्रोता विचारतो, आज साथीला कुणी नाही का? बालगंधर्वांच्या पदांना ऑर्गन होता, सारंगीही होती, तबल्यावर थिरकवाँसाहेब. आज आपण ज्या नाट्यसंगीताला अस्सल मराठी म्हणून डोळ्यांत पाणी आणून ऐकतो, त्यात युरोपी भात्याचा आवाज भरलेला आहे. तो काढून टाका म्हणणारा एकही जण मला भेटलेला नाही.

मग पेटीचा दाखला माझ्या विरुद्ध जात नाही का? ती तर सरकलीच नाही, स्वर बांधलेलेच राहिले, आणि तरी सामावली गेली. या प्रश्नाने मला बरीच वर्षं छळलं आहे. माझं आजचं उत्तर असं की पेटी अर्धीच सरकली आणि तिला स्थानही अर्धंच मिळालं. तिने खुर्ची सोडली, जमिनीवर बसली, कॉर्ड देणं सोडून गाणाऱ्याच्या मागून एकेरी सुरावट धरू लागली. हे लहान सरकणं नव्हे. जे स्वर तिला जमत नाहीत तिथे चांगला पेटीवाला हात आखडता घेतो, दरबारीच्या गंधाराला तो बोट उचलून गप्प राहतो. आपल्याला काय येत नाही हे ओळखणारा साथीदार कुणालाही नकोसा होत नाही. आणि ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली, म्हणजे उरलेलं सरकणं अजून चालू आहे.

व्हायोलिन तर पूर्ण सरकलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावर मद्रासकडे बालुस्वामी दीक्षितरांनी ते युरोपी वादकाकडून शिकून घेतलं. त्यांचे थोरले बंधू मुथुस्वामी दीक्षितर, कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक. त्यांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या, ब्रिटिश राष्ट्रगीताची चालही त्यांनी सोडली नाही. त्यांना शुद्धतेचा धडा कोण देणार? पण व्हायोलिनचं काय झालं ते पाहा. खांद्यावरून उतरून ते वादकाच्या छातीशी आणि पावलाशी टेकलं. त्याच्या तारा सा-प-सा-प अशा नव्याने लावल्या गेल्या. बोटं ठेवून वाजवण्याऐवजी घसरवून वाजवली जाऊ लागली. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हिंदुस्तानी संगीतात ते गळ्यासारखं गायला लावलं. आज त्याला कुणी परकं म्हणत नाही, याचं कारण निव्वळ काळ लोटला हे नाही. काळ तर पियानोलाही मिळाला होता. पियानो ख्यालात आला नाही, कारण त्याला सरकता येत नाही.

एका माणसाने हे सरकणं आपल्या हयातीत करून दाखवलं. जॉन मॅक्लॉक्लिन इंग्लंडचा जॅझ-रॉक गिटारवादक. सत्तरच्या दशकात झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर त्याने 'शक्ती' उभी केली. त्याआधी तो वीणा शिकायला बसला होता. गिटारवर मींड येत नाही म्हणून त्याने पडद्यांमधलं लाकूड कोरून घेतलं, म्हणजे तार खाली दाबून स्वर ओढता यावा, आणि सतारीत आपोआप झंकारणाऱ्या तरफा असतात तशा जादा तारा चढवून घेतल्या. त्या काळातला तो आघाडीचा गिटारवादक होता, जगभर नाव होतं. त्याने ठरवलं असतं तर आपली इलेक्ट्रिक गिटार घेऊन तबल्यासमोर बसला असता आणि लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. त्याने वाद्यच बदललं. २०२४ साली 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं तेव्हा त्यात शंकर महादेवन गात होते, आणि आपल्याकडे तिरंगा वगैरे लावून आनंद साजरा झाला. त्या आनंदात गिटारच्या कोरलेल्या लाकडाची आठवण कुणी काढली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

विरुद्ध बाजूचा दुसरा मुद्दा वेळेचा आहे, आणि तो मला वाटतो तितका पक्का नाही. पॉप गाणं तीन-चार मिनिटांचं, रागाला उलगडायला तासभर हवा, तेव्हा दोघांचं जमायचं कसं? पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीनच मिनिटं मावत होती. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानने गायलं ते तेवढ्या वेळात. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी ऐकून ज्यांचं आयुष्य बदललं असं जुने लोक सांगतात, ती तबकडीही तेवढीच. तीन मिनिटांत रागाचा विस्तार होत नाही, पण रागाचा चेहरा दिसतो, आणि कधीकधी चेहराच पुरतो. तंत्राने आपल्या संगीताला याआधीही हलवलं आहे. मंद्र सप्तकातला संथ आलाप मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला तो मायक्रोफोननेच. पॉपने जगाला दिलेली मोठी गोष्ट ही मायक्रोफोनजवळची कुजबुज आहे, एकट्याने एकट्याशी बोलणं. शीला चंद्राने पॉपकडून घेतलं ते नेमकं हे. तिचा श्वास ऐकू येतो. ओठ मिटल्याचं ऐकू येतं. ख्यालगायकीला या जवळिकीतून शिकण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

रियाजाचा मुद्दा उरतो: हे लोक अर्धवट शिकलेले असतात. काही असतात. शीला चंद्राचीही गुरुगृही वर्षानुवर्षं तालीम झालेली नाही, तिला बडा ख्याल गाता येणार नाही. पण तिने तसा दावाच केला नाही, आपल्या गाण्याला ख्याल म्हटलं नाही, राग गाते म्हणून तिकीट विकलं नाही. मला वाटतं नाव देण्यातला हा प्रामाणिकपणा तालमीइतकाच मोलाचा आहे. अमुक रागाची बंदिश म्हणून सांगायचं आणि त्यात पंचम वाजवायचा, हा खरा अपराध. 'ललतावरून सुचलेलं गाणं' म्हणा ना, कुणाची तक्रार आहे?

एक तक्रार मात्र अशी आहे की तिच्यापुढे मी मान खाली घालतो. पश्चिमेचा बाजार मोठा आहे, आणि मोठा बाजार सहसा सरकत नाही, दुसऱ्याला सरकवतो. १९८७ साली लंडनमधल्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली आणि दुकानात आफ्रिका-आशियाच्या रेकॉर्ड कुठल्या कप्प्यात ठेवायच्या या अडचणीतून 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव त्यांनी पक्कं केलं. हेतू विक्रीचा होता, वाईट नव्हता. पण त्यानंतर लंडनमध्ये जन्मलेली शीला चंद्रा 'जगा'च्या कप्प्यात गेली आणि तिच्याच गल्लीतले गोरे गायक नुसत्या 'संगीता'च्या कप्प्यात राहिले. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज एका हिंदी चित्रपटगीतातून उचलून, कापून, चक्रासारखा फिरवला होता. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव नव्हतं, ते लावल्याशिवाय विक्री करू नका असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. त्या गाण्यात कोण सरकलं? लताबाईंच्या गळ्यातली एक ओळ सरकली, मुळापासून उपटून. बाकी सगळं जागच्या जागी. याउलट १९६६च्या बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकेत जॉर्ज हॅरिसनच्या गाण्याला तबला वाजवणाऱ्या अनिल भागवतांचं नाव वेष्टनावर छापलं होतं. पुढच्याच वर्षी लंडनच्या ज्या भारतीय वादकांनी त्याच्या दुसऱ्या गाण्याला साथ केली, त्यांची नावं मात्र वेष्टनावर नाहीत. हॅरिसन रविशंकरांकडे शिकायला बसला होता, त्याचं प्रेम खरं होतं, यात मला शंका नाही. तरीही.

पण या तक्रारीचा निष्कर्ष 'म्हणून मिसळूच नका' असा काढला की मला आपलेच लोक दिसू लागतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गोव्यात चर्चच्या संगीतावर वाढलेला व्हायोलिनवादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आला, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना त्याने व्हायोलिन शिकवलं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांची स्वरलिपी लिहून झाली की रात्री तो रागांवर वाद्यवृंदाच्या रचना करत असे. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या आवारात त्याने मोठा वाद्यवृंद उभा केला, लताबाई आणि मन्ना डे गायला होते, तोडी थाटातली सिम्फनी वाजली. त्याच्यावर कुठल्या परदेशी बाजाराची सक्ती होती? दोन्ही संगीतं त्याच्याच घरातली होती. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी गटाने आशा भोसल्यांना घेऊन आर. डी. बर्मनच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा पाश्चात्त्य व्हायोलिनवाले मुंबईत शिजलेली मिसळण मुळाक्षरांपासून शिकत होते. तिथे सरकणं उलट्या दिशेने झालं. गोव्याच्या या लोकांना ना शास्त्रीयवाल्यांनी आपलं म्हटलं, ना पाश्चात्त्यवाल्यांनी. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेला. शुद्धतेच्या आग्रहाची किंमत बहुधा अशाच माणसांनी मोजली आहे, आणि चहाच्या टेबलावर त्यांचं नाव निघत नाही.

शीला चंद्राचंही गाणं थांबलं. २०१०च्या सुमारास तोंडाची सतत आग होणारा विकार तिला जडला. गाताना, बोलतानाही असह्य वेदना होतात. त्यामुळे पंचेचाळिशीच्या आतबाहेरच तिचा आवाज बंद झाला, आणि तिने शोधलेल्या जागेवर पुढे कुणी घर बांधलं नाही. पाकिस्तानी वंशाची अरूज आफताब काही अंशी त्या बाजूला जाते. २०२२मध्ये तिला ग्रॅमी मिळालं ते मेहदी हसन यांनी गाजवलेल्या एका गझलेसाठी, आणि त्यात तालवाद्यांचा गजर जवळजवळ नाही, भोवती मोकळी जागा आहे. आपल्याकडे मात्र अजून मिश्रण म्हणजे आणखी एक वाद्य वाढवणं असंच समजतात. निधी मिळाला की ड्रमवाला वाढतो. तानपुरा कुणी वाढवत नाही.

त्या पहाटेची एक गोष्ट सांगायची राहिली. मध्यंतराच्या आधी, बंदिशीच्या शेवटाकडे, ड्रम्स थांबले होते. गिटारवाल्याने तारांवर हात ठेवून आवाज बंद केला होता, कीबोर्डवाला मान खाली घालून बसला होता. मागे फक्त मध्यमात लावलेला तानपुरा आणि तबल्याचा अगदी हलका ठेका. त्या मुलीने शुद्ध मध्यम धरला, माइकच्या अगदी जवळ येऊन, पॉप गायिका गाते तशा श्वासात, आणि तो कितीतरी वेळ तसाच ठेवून मग हळूच तीव्र मध्यमाला हात लावून परत आली. टाळ्यांचा ठेका आपोआप बंद पडला होता. दीड मिनिट असेल जास्तीत जास्त, मग ड्रम्स पुन्हा सुरू झाले. मध्यंतरात काका त्याबद्दल बोलले नाहीत, तो तरुणही बोलला नाही. मला तिला गाठून विचारायचं होतं की ते वाद्यमेळाने ठरवून केलं होतं की त्या वेळी आपसूक झालं. रंगमंचामागे फुलं आणि फोटोवाल्यांची गर्दी होती, तिच्यापर्यंत पोचता आलं नाही.